पक्षीवहीतली गिधाडं

काशीराम खैरे चिडका म्हणून पोलादपुरात सगळ्यांना माहीत होता. गुरांच्या दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची वेसण धरून उभं राहणं, हे त्याचं काम. किडे पडलेली जखम घेऊन कोणी तीन आठवड्यांनी आलं, की जखम धुता धुता तो मालकाला असा काही फैलावर घ्यायचा, की माणूस गाईपेक्षा जास्त कळवळायचा. लोक ऐकून घेत, कारण त्याच्या हाताखाली जनावर बुजत नसे.

दवाखान्याबाहेर त्याला चिडायला एक वही होती.

महाडचे निवृत्त शिक्षक परांजपे सर यांनी १९७९ साली ती सुरू केली. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पक्षी बघायचा नाद असलेले अकरा जण त्यांनी गाठले आणि एक जाडजूड रजिस्टर त्यांच्यात फिरतं ठेवलं. वही ज्याच्याकडे येईल त्याने तीन दिवस ठेवायची, आपल्या नोंदी लिहायच्या, इतरांच्या नोंदींवर काही म्हणायचं असेल तर खाली म्हणायचं आणि कापडी पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पुढच्याकडे धाडायची. पानावर पाच रकाने होते: पक्षी, जागा, वेळ, संख्या, शेरा. तिला सगळे पक्षीवही म्हणत.

काशीराम त्यात आला तो एका घुबडामुळे. सर पंख मोडलेलं गव्हाणी घुबड टोपलीत घालून दवाखान्यात आले होते. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे गुरं बघतात. काशीरामने टोपली मागच्या खोलीत नेली, पंखाला बांबूची कामटी बांधली आणि हे पिल्लू आहे, याची आई पुलाखालच्या कमानीत असेल, हेही सांगितलं. सरांनी त्याच दिवशी त्याचं नाव वहीत घातलं.

दुसऱ्या वर्षी वहीचा पार चिवडा झाला. बुलबुलाच्या नोंदीखाली एकाने भाच्यासाठी मुलगी बघायला सांगितलं. एक तलाठी एसटीच्या वेळापत्रकाविषयी पान पान तक्रारी लिहायचा. एक जण तितराची नोंद करून ते शिजवायचं कसं तेही सविस्तर देई. सरांनी मग काशीरामच्या हाती लाल पेन्सिल दिली. दर महिन्याच्या शेवटी वही त्याच्याकडे थांबेल, पक्ष्यांना सोडून जे काही असेल त्यावर त्याने रेघ मारायची आणि बाजूला 'विषयाबाहेर' लिहायचं.

"चिडतात सगळेच, खैरे," सर म्हणाले होते. "तुम्ही नियमाला धरून चिडता."

हे वाक्य काशीरामला फार आवडलं. पुढची तीन वर्षं त्याने लाल पेन्सिल चालवली ती अशी, की तलाठ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये क्रिकेटचा विश्वचषक आला तेव्हा आठ पानं क्रिकेटनेच भरली होती. काशीरामने आठही पानं आडव्या रेघांनी कापली. त्याला स्वतःला फायनल रेडिओवर ऐकून आनंदाने झोप लागली नव्हती, तरी कापली.

त्याच वर्षी मार्चात त्याने ललिताची नोंद खोडली होती. ललिता त्याच्या भावकीतली, गावच्या बौद्धवाडीतल्या शाळेत मास्तरीण. तिने लिहिलं होतं: 'खंड्या. महाड, चवदार तळे. २० मार्च, सकाळी आठ. एक. शेरा: माणसं हजारो. माझी आई पहिल्यांदाच आली होती. तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा खंड्या उडाला.' काशीरामने शेरा खोडला. ललिता दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येऊन उभी राहिली.

"काशीदादा, खंड्या ठेवलास आणि माझ्या आयशीला खोडलंस."

"वही पक्ष्यांची हाय, ललिता."

"आणि जत्रेत पोपट बघितला म्हणून अर्धं पान पालखी लिहिलीय ती?"

"तीपण खोडलीय. पान उलटून बघ."

तिने पान उलटलं. पालखी खोडलेली होती, पोपट जागेवर होता.

"तुझी रेघ सरळ हाय, नाय म्हणत नाय मी," ती म्हणाली. "पण कुठून कुठपर्यंत मारायची, ते तू ठरवलंस की सरांनी?"

काशीराम तिच्यावरही चिडला. नियम एकदा ठेवला की आपल्या माणसालाही तो लागतो, नाहीतर उद्या तलाठी काय म्हणेल, असं बरंच बोलला. ललिता निघून गेली. वहीत मात्र लिहीत राहिली, फक्त पाचवा रकाना रिकामा सोडून.

आणि मग १९८४ च्या जानेवारीत कुशाबा साळुंख्यांची नोंद आली.

कुशाबा काशीरामच्याच गावचे, उमरठच्या पलीकडच्या एका खोऱ्यातले. मोठं घर, नदीकाठची भातशेती, पंचावन्नच्या पुढचं वय. तरुणपणी शिकारी. बंदूक सुटली तरी पक्ष्यांची ओळख राहिली. नुसत्या आवाजावरून ते पंधरा-वीस पक्षी ओळखत. त्यांच्या नोंदी काशीराम स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा. गावात असताना या माणसाच्या ओटीची पायरी तो कधी चढला नव्हता, पण वहीत दोघांची नावं एकाखाली एक यायची आणि ते त्याला बरं वाटायचं.

कुशाबांनी लिहिलं होतं: 'गिधाड. गावाबाहेरचा माळ. दुपारी दोन. संख्या शून्य. शेरा: माझ्या वडिलांच्या वेळी एका मेल्या बैलाला ह्या माळावर पन्नास-साठ गिधाडं बसत. आता मेलेलं जनावर पुरावं लागतं, कारण ओढणाऱ्यांनी काम सोडलं. ज्यांचं काम त्यांनी केलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांच्या मानापायी मुके पक्षी उपाशी मेले. काशीराम पट्टीबंधकाने यावर विचार करावा. तो पक्ष्यांचाही आहे आणि त्या वाडीचाही.'

खाली परांजपे सरांच्या सुबक अक्षरात दोन वाक्यं होती: 'मोलाचे निरीक्षण. सर्वांनी वाचावे.'

काशीरामने हे दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं. हाताला औषधाचा वास होता, समोर एक म्हैस रांगेत उभी होती. कुशाबांचा सूर त्याला नवा नव्हता, जन्मापासून तो कानावर होता. सरांची दोन वाक्यं मात्र त्याने तीनदा वाचली. म्हशीचा मालक काहीतरी विचारत होता, त्याला त्याने इतक्या जोरात 'थांबा' म्हटलं की म्हैस मागे सरली.

महिनाअखेरीस त्याने नेहमीसारखंच केलं. पक्षी, जागा, वेळ, शून्य, सगळं ठेवलं. शेऱ्यातलं पहिलं वाक्य ठेवलं. 'आता' पासून पुढे रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'विषयाबाहेर'.

आठवड्याने सरांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, आपण कुशाबांचा मजकूर खोडलात हे बरोबर नाही, गिधाडे का कमी झाली हा पक्ष्यांचाच प्रश्न आहे, रविवारी माझ्याकडे सगळे जमणार आहेत तेव्हा बोलू.

रविवारी सरांच्या पडवीत आठ जण जमले. पोहे झाले. कुशाबा भिंतीला टेकून बसले होते. ललिता दाराजवळ होती.

"खैरे, तुम्ही मनाला लावून घेतलंत," सरांनी सुरुवात केली.

"मी मनाला लावून घेतलं की नाही, हा विषय नाही, सर. नोंदीत पक्ष्यांशिवाय काय काय आहे ते बघा. कुणाचं काम कुणाचं, कुणाचा मान किती, हे पक्षी सांगतात का?"

"अहो, पण कारणमीमांसा नको का? गिधाडाला अन्न मिळत नाही, का मिळत नाही, हे सांगायलाच हवं."

"सांगावं. जनावर पुरतात म्हणून मिळत नाही, एवढं लिहिलं असतं तर मी खोडलं नसतं. मालकाने स्वतः ओढून माळावर टाकलं तरी गिधाडं येतील. ती ओढणाऱ्याची जात विचारत नाहीत."

कुशाबा हसले. "बघा, चिडला. मी वावगं काय लिवलं रे? जे होतं ते लिवलं. तुझा बाप, आजा, समदे करत होते."

"माझ्या बापाचं नाव इथे घेऊ नका, कुशाबा."

"का नको? चांगला माणूस होता."

सरांनी हात वर केला. हात वर करून मत घेऊ म्हणाले. कुशाबांचा मजकूर विषयाला धरून आहे असं पाच जणांचं मत पडलं. काशीराम आणि ललिता विरोधात गेले. तलाठी, ज्याची निम्मी वही काशीरामने खोडली होती, त्याने हात कुठल्याच बाजूला वर केला नाही, नुसता चहा पीत राहिला.

"ठीक आहे," काशीराम म्हणाला. "कारण लिहिणं विषयाला धरून आहे, असं ठरलं. मग माझंही कारण मी लिहीन."

"अवश्य लिहा," सर म्हणाले.

घरी आई, चंपाबाई, ओटीवर तांदूळ निवडत होती. पोलादपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत ती मुलाजवळ राहायची. गाव सोडून तिला पंधरा वर्षं झाली होती.

"आई, बाबा गेले त्या बैलाला गिधाडं किती होती?"

तिने सूप खाली ठेवलं. "आज काय मधीच?"

"लिहायचंय."

"मी काय गिधाडं मोजत होते तवा? मी घरात होते." मग ती म्हणाली, "एकोणीस. तूच धावत येऊन बोललास, आये, एकोणीस हायत. नऊ वर्षांचा होतास. बापाने दगड मारून हाकलली तरी फिरून बसली, बोललास."

पक्षी मोजायची सवय आपल्याला कधी लागली, हे काशीरामला कधीच सांगता आलं नव्हतं. लोक विचारत तेव्हा तो घुबडाची गोष्ट सांगायचा. त्याने उठून वही घेतली आणि आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली तिथेच बसून लिहिलं.

'गिधाड. गावाबाहेरचा माळ. चैत्र, १९५३, सकाळ. संख्या एकोणीस. शेरा: बैल कुशाबांच्या वडिलांचा. एकाएकी मेला, नाकातून काळं रक्त आलं होतं. तो माझे वडील भिकाजी खैरे यांना ओढायला लावला. कातडं काढताना त्यांच्या मनगटाला सुरा लागला. तिसऱ्या दिवशी तिथे काळी पुळी आली, हात खांद्यापर्यंत सुजला, सहाव्या दिवशी ते गेले. वय एकतीस. गुरांपासून लागणाऱ्या या रोगाला फाशी म्हणतात, हे मला नोकरीत कळलं. त्याच आठवड्यात त्या घरची एक गाय तशीच मेली होती, ती त्यांनी गुपचूप पुरली होती. बैलाचं कातडं मात्र त्यांना हवं होतं. गिधाडाला फाशीचं मांस खाऊन काही होत नाही. माणूस मरतो. तीन वर्षांनी धर्मांतर झालं आणि वाडीने हे काम सोडलं. गिधाडं कमी झाली असतील, तर त्याचं माझ्याकडचं कारण हे आहे.'

अक्षर इतकं दाबून लिहिलं होतं की मागच्या पानावर उठलं.

वही फिरून महिन्याने त्याच्याकडे आली. कुशाबांचा मजकूर सरांनी नव्या पानावर स्वच्छ उतरवून काढला होता. काशीरामच्या नोंदीत पक्षी होता, जागा होती, एकोणीस होते. शेऱ्यावर पांढरा कागद खळीने चिकटवला होता आणि त्यावर सरांनी लिहिलं होतं, 'विषयाबाहेर'.

तो त्याच दुपारी, रजेचा अर्ज न देता, मिळेल त्या गाडीने महाडला गेला. सर झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते.

"तुम्ही म्हणालात, अवश्य लिहा."

"बसा, खैरे. पाणी घ्या."

"पाणी नको. कुशाबांचं कारण विषयात बसतं आणि माझं बसत नाही, ते कसं, एवढं सांगा."

सरांनी चष्मा काढला. "त्यांनी सर्वसाधारण लिहिलं. तुम्ही एका घराचं नाव घेऊन आरोप केलात. वहीत कटुता येते. अकरा माणसं एका नादाने जोडलेली आहेत, ती फुटायला नकोत."

"माझं नाव घेऊन त्यांनी विचार करायला सांगितला, तेव्हा कटुता आली नाही?"

"तुमच्याकडून माझी वेगळी अपेक्षा होती," सर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून बोलत होते. "मला वाटायचं, तुम्ही या सगळ्याच्या वर गेला आहात."

"वर म्हणजे कुठे, सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चार वर्षं मी माझ्या माणसांचं खोडत आलो," काशीराम म्हणाला. "ललिताची आई खोडली. का, तर नियम सगळ्यांना सारखा. तो सारखा नव्हताच. तुम्ही तो माझ्याकडून राबवून घेतलात एवढंच." वही त्याने झोपाळ्यावर ठेवली, पेन्सिल तिच्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरला.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण मे महिन्यात, डॉक्टर अलिबागला बैठकीला गेले असताना, कुशाबांचा गडी दवाखान्यात आला. बैल सकाळी चरत होता, दुपारी पडला आणि मेला, नाकातून रक्त येतंय, म्हणाला.

काशीरामने विचारलं, "कुणी हात लावलाय?"

"नाय अजून. मालक सुरा परजतायत. कातडं तरी निघेल बोलले."

काशीराम उठला. पेटी भरताना त्याच्या मनात एक विचार येऊन गेला: गाडी चुकली असं म्हणावं आणि दोन तासांनी जावं. त्याचा त्यालाच इतका संताप आला की पेटीचं झाकण आपटून त्याचं बोट चेपलं. पुढे साऱ्या वाटेत ते ठणकत होतं.

माळाच्या कडेला बैल पडला होता, पोट टम्म. कुशाबा सुरा घेऊन वाकले होते. मुंबईहून सुट्टीवर आलेले त्यांचे दोघे मुलगे सावलीत उभे होते.

"सुरा खाली ठेवा."

"काय रे काशीराम, आता—"

"खाली ठेवा म्हणतो ना. फाशी हाय ही. एक ओरखडा लागला तर आठवडाभरात जाल."

कुशाबांनी सुरा टाकला. काशीरामने रबरी हातमोजे चढवून बैलाच्या कानाचं रक्त काचेवर घेतलं, काच गुंडाळून पेटीत ठेवली. मग सरळ उभा राहिला.

"फाडायचा नाय, कातडं काढायचं नाय. पुरुषभर खड्डा खणा, खाली-वर चुना टाका, रक्त सांडलंय ती मातीसुद्धा खड्ड्यात गेली पायजे. आणि आजच."

"आणि ओढायचा कोणी?"

गडी जमिनीकडे बघत होता.

"दोन मुलगे हायत ना तुमचे," काशीराम म्हणाला.

थोरला पुढे आला. "हे आपलं काम नाही, पप्पा. वाडीतून बोलवा ना कोणाला."

"वाडीतून कोण येणार नाय," काशीराम म्हणाला, आवाज न चढवता. "बैल तुमचा. हातमोज्यांचे दोन जोड हायत, ते घाला. पायांना गोणपाट गुंडाळा. नाकाकडून धरायचं नाय, मागून दोर लावा. मी इथं उभा हाय."

आणि तो उभा राहिला. खड्डा होईपर्यंत तीन तास लागले. मुलगे ओकारी आवरत ओढत होते, मध्येच शिव्या देत होते. काशीराम सांगत होता, दोर इकडून घ्या, चुना अजून टाका, हात तोंडाला लावू नका. कोणाची अळमटळम दिसली की तो असा खेकसायचा की थोरला मुलगा शेवटी 'हो साहेब' म्हणायला लागला. माती पडल्यावर त्याने दोर आणि गोणपाट जाळायला लावले, सगळ्यांचे हात साबणाने दोनदा धुवून घेतले.

कुशाबा बांधावर बसले होते. तो पेटी उचलायला गेला तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "सरांनी चिकटवलेला कागद मी सोलला होता. समद्यांनीच सोलला. तुझं लिवलेलं वाचलं."

काशीराम थांबला.

"त्या बैलाचं हेच होतं काय रे?"

"हेच."

"आमाला काय ठाव असणार तवा."

"गाय पुरली होती तुम्ही, त्याच आठवड्यात. कातडं न काढता. का पुरली?"

कुशाबांनी खड्ड्यावरच्या मातीकडे बघितलं. म्हणाले, "आबा बोलले होते, हिला हात नका लावू." मग म्हणाले, "तू वहीत परत ये. मी सरांना सांगतो."

"तुमची ओळ तुम्ही खोडा. मग बघू."

"लिवलेलं आता कसं खोडायचं? चार लोकांत दिसतं ते."

"मग राहू द्या," काशीराम म्हणाला आणि वाटेला लागला.

कुशाबांनी ती ओळ कधीच खोडली नाही. काशीराम परत गेला नाही. पक्षीवही आणखी दोन वर्षं फिरली, मग सरांना दिसेनासं झालं आणि ती त्यांच्या कपाटात राहिली. त्याआधीच ललिताने नवी वही काढली होती. तिच्यात वाड्यांवरच्या सहा-सात मास्तर-मास्तरणी, एक वनरक्षक आणि सगळ्यांच्या नवलाचा भाग म्हणजे तो तलाठी लिहायचे. शेऱ्याचा रकाना तिने अर्ध्या पानाएवढा रुंद ठेवला. काशीराम लिहायचा आणि चिडायचाही, कारण तलाठ्याचं एसटीचं वेळापत्रक तिथेही येऊन पोचलं होतं. "हे नको गो," तो ललिताला म्हणायचा. ती म्हणायची, "वाचू नको तेवढं."

अठ्ठ्याऐंशीत महाड-पोलादपूर गाडीत जुन्या वहीतला एक सभासद त्याच्या शेजारी येऊन बसला. महाडात त्याचा फोटोचा स्टुडिओ होता, पडवीतल्या त्या रविवारी त्याने कुशाबांच्या बाजूने हात वर केला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "सर शेवटपर्यंत तुमची आठवण काढत. म्हणायचे, खैरे माणूस मोलाचा. थोडा रागीट होता, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

पोलादपूर आलं. काशीरामने वरची पिशवी काढली.

"थोडा नाही," तो म्हणाला. "अजून आहे," आणि गाडी पुरती थांबायच्या आत दाराकडे निघाला.